गुराब म्हणजे कावळा

आमच्या खाडीत पाण्यावर तरंगणाऱ्या प्रत्येक वस्तूला वेगळं नाव होतं. दोन माणसं बसली की भरते ती होडी. पलीकडच्या तीरावर माणसं, गवताचे भारे, कधी एखादी म्हैस नेणारा रुंद पोटाचा तो पडाव. त्याहून मोठा मचवा. आणि मुंबईपासून मंगळूरपर्यंत ये-जा करणारं, खाडीच्या तोंडाशी उभं राहिलं की गावातली पोरं धावत बघायला जायची, ते गलबत. शहरातला माणूस या सगळ्यांना सरसकट 'बोट' म्हणाला की आमचे म्हातारे मनातल्या मनात हसायचे. शेतकऱ्यासमोर कोणी भाताला आणि नाचणीला 'गवत' म्हणावं, तसंच ते.

ही वाघोटणची खाडी. तिच्या तोंडाशी विजयदुर्ग. माझा आजा गलबतावर होता. आधी खलाशी, मग बरीच वर्षं तांडेल. इथून जळाऊ लाकूड, नारळ, सुंभ, हंगामात आंब्याच्या पेट्या भरून मुंबईला न्यायच्या आणि येताना रॉकेल, कापड, किराणा भरून आणायचा. कधी दक्षिणेकडे जाऊन मंगळुरी कौलं. आगोटीला गलबत वर ओढून झावळांनी शाकारून ठेवायचं आणि नारळी पुनवेनंतर परत पाण्यात लोटायचं. आजा गलबताबद्दल बोलताना गाय-बैलाबद्दल बोलावं तसं बोलायचा. म्हणायचा, "गलबत म्हणजे काय साधा वाटला तुका? ताच्यार आमचो सगळो वाडो जेवता."

एवढे शब्द आमच्या तोंडी असताना एक शब्द मात्र नव्हता. तो म्हणजे गुराब. ज्या खाडीत दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी गुराबा बांधल्या जात, दुरुस्त होत, नांगरून पडत, त्याच खाडीच्या काठावर हा शब्द कोणालाच ठाऊक नव्हता. पुढे मी मुद्दाम म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत फिरलो. एका आजोबांनी कानाला हात लावून विचारलं, "गुराब? गुरव म्हणतंस काय तू?"

मला तो शब्द भेटला मुंबईत, आणि तोही वाईट तऱ्हेने. मी नोकरीला होतो तिथे एक वरिष्ठ होते. वाचनाचा नाद असलेले, इंग्रजी पुस्तकांतच जास्त रमणारे. मी विजयदुर्गाकडचा हे कळल्यावर ते म्हणाले, "अरे, म्हणजे तू तर चाच्यांच्या मुलखातला. त्या आंग्र्यांच्या जहाजांचं नावच होतं 'ग्रॅब'. ग्रॅब म्हणजे हिसकावून घेणं. याहून वेगळा पुरावा कशाला पाहिजे?" टेबलाभोवतीची मंडळी हसली. मी काही बोललो नाही, कारण बोलायला हातात काही नव्हतं. पण ते हसणं बोचलं. माझा आजा आयुष्यभर समुद्रावर राबला, कोणाची नारळाची करवंटीही त्याने हिसकावली नव्हती. त्याच पाण्यावर त्याच्याआधी राबलेल्या माणसांना त्यांच्या जहाजाच्या नावावरून चोर ठरवलं जात होतं. म्हटलं, हा शब्द आहे तरी काय, ते मुळापर्यंत जाऊन बघू.

तर मुळापाशी आहे एक कावळा.

'गुराब' हा मूळचा अरबी शब्द. अरबीत 'घुराब' म्हणजे कावळा, डोमकावळा. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ, वल्ह्यांनी चालणारं लांबट लढाऊ जहाज. भूमध्य समुद्रात ज्याला युरोपातले लोक 'गॅली' म्हणत, त्याला अरब 'घुराब' म्हणत. हे काही कालपरवाचं नाही. बाराव्या-तेराव्या शतकातल्या कागदांत हा शब्द जहाजाच्या अर्थाने सापडतो. त्या काळच्या एका अरबी-लॅटिन शब्दसंग्रहात 'घुराब'पुढे कावळा आणि गॅली असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिलेले आहेत. म्हणजे एकाच शब्दात पक्षी आणि जहाज दोघंही नांदत होती.

जहाजाला कावळा का म्हणायचं? सतराव्या शतकाच्या अखेरीस थॉमस हाइड नावाच्या ऑक्सफर्डच्या विद्वानाने याची तीन कारणं सांगितली आहेत. एक, डांबराने माखलेला काळाकुट्ट रंग. दोन, चोचीसारखी पुढे निघालेली नाळ. तीन, शिडं आणि वल्ही पंखांसारखी पसरून उडाल्यासारखी जाण्याची रीत. ज्याने कधी लाकडी नाव राळ-डांबर लावून पाण्यात लोटताना पाहिली आहे त्याला हे पटायला वेळ लागत नाही. मी हे एकदा गावच्या एका जुन्या खलाशाला सांगितलं. तो तंबाखू मळत होता. म्हणाला, "मगे कावळोच तो. काळो, चोचीचो, नि कोणाक न भिणारो." ऑक्सफर्डच्या पंडिताने लॅटिनमध्ये जे लिहिलं ते याने तीन शब्दांत उरकलं, आणि चौथी गोष्ट पदरची घातली.

अरबांकडे कावळ्याचा आणखी एक अर्थ आहे. त्यांच्या जुन्या काव्यात कावळा दिसणं म्हणजे ताटातूट, घरच्या माणसापासून दुरावणं. आपल्याकडे उलटं. परसात कावळा ओरडला की पाहुणा येणार म्हणून बायका भाताला एक मूठ जास्त टाकतात. एकाच पक्ष्याकडे दोन किनारे दोन नजरांनी बघतात. शब्दांचंही असंच असतं. एका बंदरातून निघतात तेव्हा एक अर्थ, दुसऱ्या बंदरात उतरतात तेव्हा दुसरा.

हा शब्द आपल्या किनाऱ्यावर कसा आला हे समजायला फार लांब जायला नको. आपल्या खलाशांच्या तोंडचे शब्दच बघा. 'दर्या' आणि 'बंदर' फारसी. 'नाखवा' हा फारसी 'नाखुदा'वरून, म्हणजे नावेचा धनी. 'सारंग' फारसी 'सरहंग'वरून. 'खलाशी' आणि 'सुकाणू' अरबीतून. 'तांडेल' मात्र इथलाच, दक्षिणेच्या किनाऱ्यावरही वेगवेगळ्या रूपांत बोलला जाणारा. मग पोर्तुगीज आले आणि त्यांच्या 'आर्मादा'वरून आपण 'आरमार' घेतलं. बंदुकीचं 'काडतूस' त्यांचंच. चौल, दाभोळ, ठाणे ही बंदरं शेकडो वर्षं अरब-इराणी व्यापाऱ्यांशी देवघेव करत होती. माल उतरला तसे शब्दही उतरले. कोणी ते लादले नाहीत. एका नावेवर चार मुलखांची माणसं दोरखंड ओढत असली की जो शब्द पटकन सगळ्यांना कळतो तोच टिकतो.

'गुराब' फक्त कोकणात आला असंही नाही. इब्न बतूता चौदाव्या शतकात गुजरातच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे निघाला, तेव्हा सोबतच्या एका जहाजाचं वर्णन करताना ते घुराबेसारखं पण तिच्याहून रुंद, साठ वल्ह्यांचं होतं असं सांगतो. वाचणाऱ्याला घुराब काय ते माहीतच असणार, असं धरून तो लिहितो. तिकडे बंगालमध्ये, १६६५-६६ साली शाहिस्तेखानाने चितगाववर आरमार पाठवलं, त्यातल्या २८८ नावांमध्ये २१ घुराबा होत्या. हाच तो शाहिस्तेखान, ज्याची बोटं लाल महालात तुटली आणि मग ज्याला बंगालच्या सुभ्यावर धाडलं गेलं.

आणि त्याच सुमारास इकडे कोकणात शिवाजी महाराज आरमार उभारत होते. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या जहाजांच्या जाती सांगितल्या आहेत, त्यात गुराबा पहिल्या येतात, मग तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे. दर्यासारंग हा मुसलमान आणि मायनाक हा भंडारी, असे दोन सुभेदार त्यावर नेमले होते असंही त्यात आहे. आरमाराचं नाव पोर्तुगीज, जहाजाचं नाव अरबी, सुभेदाराचा किताब फारसी, आणि लाकूड, सुतार, खलाशी कोकणचे. या सगळ्यातून जे उभं राहिलं ते मराठ्यांचं आरमार. उसन्या शब्दाने कोणाचा कणा मोडत नाही, हे मला तिथे कळलं.

आता ही गुराब दिसायची कशी? तिचं सगळ्यात बारकाईने केलेलं वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात लिहून ठेवलं आहे. ते शत्रूच्या बाजूचं आहे, म्हणूनच त्यातलं कौतुक खरं मानायला हरकत नाही. त्यानुसार गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन काठ्यांची सुमारे १५० टनांपर्यंत, तीन काठ्यांची ३०० टनांच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंदी बरीच, आणि तळ असा की ती अगदी थोड्या पाण्यावर चालावी. मधून टोकाकडे निमुळती होत गेलेली. पुढे लांब चोच, आणि त्या चोचीवर मजबूत तख्तपोशी. मुख्य तख्तपोशी आणि चोच यांच्यामध्ये एक आडवी लाकडी भिंत. त्या भिंतीला भोकं पाडून त्यातून दोन मोठ्या तोफा सरळ पुढे रोखलेल्या, नऊ किंवा बारा पौंडी गोळा फेकणाऱ्या. बाजूच्या तोफा त्याहून हलक्या.

या चोचीची एक खुबी सांगण्यासारखी आहे. समोरून लाट आली की असं जहाज जोराने डुचमळतं, नाळ पाण्यात बुडते. म्हणून चोचीला बाजूचे कठडे ठेवलेच नव्हते. लाट चोचीवर चढावी आणि दोन्ही अंगांनी वाहून जावी, आत शिरू नये. आमच्याकडे पागोळीचं पाणी घरात शिरू नये म्हणून पडवीला उतार देतात तसंच हे. हे ज्या सुतारांनी बसवलं त्यांची नावं कुठल्या बखरीत नाहीत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. अरबांची मूळ घुराब वल्ह्यांवर चालणारी, अरुंद, लांबट. कोकणची गुराब रुंद, शिडांवर चालणारी, तोफांची. वल्ही गेली, आकार बदलला, काम बदललं. राहिली ती चोच, आणि चोचीमुळे राहिलं नाव.

वल्ह्यांचं काम गलबतांकडे आलं. तेव्हाचं गलबत म्हणजे आजाचं मालवाहू गलबत नव्हे. तेही लढाऊच. सत्तर टनांपेक्षा सहसा मोठं नाही, एक भलं मोठं तिकोनी शीड, चाळीस-पन्नास वल्ही. हलकं राहावं म्हणून कित्येकांची तख्तपोशी चिरलेल्या बांबूंची. वारा पडला की ही गलबतं दोरखंड बांधून गुराबांना ओढत न्यायची. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं असा आंग्र्यांचा ताफा एखाद्या मोठ्या जहाजामागे लागे. त्याच्या पिछाडीला जमायचं, कारण तिथून त्याच्या बाजूच्या तोफांचा मारा लागत नाही. गुराबांनी चोचीवरच्या तोफांनी आधी डोलकाठ्या उडवायच्या. जहाज पांगळं झालं की जवळ जायचं. तरीही ते नमलं नाही तर गलबतांतून माणसं तलवारी घेऊन वर चढायची. खोल समुद्रात मोठ्या युरोपी जहाजाशी समोरासमोर झुंजण्याची ऐपत आपल्या जहाजांत नव्हती, हे आंग्र्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आपल्या खाड्या, आपला वारा आणि आपलं उथळ पाणी यांच्या मापाने जहाज घडवलं. मागे सरून खाडीत शिरलं की मोठं जहाज पाठलाग करू शकत नसे. ते रेतीत रुतलं असतं.

जहाज मोठं असावं की लहान, यावर आपल्याकडे विचार झालेला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर एक अख्खं प्रकरण आहे. इ. स. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ. गुराबा फार थोरही नसाव्यात आणि फार लहानही नसाव्यात, मध्यम असाव्यात, असा त्याचा सल्ला आहे. दर सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबतं असावीत हेही त्यात येतं. पण मला त्यातलं सगळ्यात जवळचं वाटतं ते झाडांबद्दलचं सांगणं. आरमाराला तख्ते, सोट, डोलकाठ्या लागतात, त्यासाठी सागासारखं लाकूड परवानगीने तोडावं, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाची झाडंही कामाची असतात, पण त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जुनं झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, मग तोडावं. जबरदस्ती करू नये.

आमच्या परसात दोन फणस आहेत. आजीने घातलेल्या आठळीचे. त्यांच्या बुंध्याशी उभं राहून मी हे वाचलं तेव्हा त्या टेबलावरच्या हसण्याचं उत्तर मला सापडल्यासारखं झालं. ज्या राज्यात लढाऊ जहाजासाठी रयतेचा फणस विचारल्याशिवाय तोडायचा नाही असं लिहून ठेवलं होतं, त्या राज्याच्या जहाजाचं नाव 'हिसकावणे' असं सांगितलं जात होतं.

आता त्या 'ग्रॅब'कडे वळतो. इंग्रजांच्या कानाला 'गुराब' हा शब्द 'ग्रॅब' असा ऐकू आला. त्यांच्या भाषेत 'ग्रॅब' म्हणजे झडप घालणं हे क्रियापद आधीपासून होतं, ते डच-जर्मन बाजूने आलेलं. या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आवाज जुळला, एवढंच. आणि ही गोष्ट इंग्रजांनाही माहीत होती. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजी शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा जाडजूड कोश छापला. त्यात 'ग्रॅब' या नोंदीत त्यांनी, चाचे लोक सगळं हिसकावतात म्हणून हे नाव, असं कोणी मनानेच ठरवील म्हणून थट्टा केली आहे. मग अरबी कावळ्याकडे बोट दाखवून, मराठी-कोकणीत त्याचाच 'गुराब' झाला असं नोंदलं आहे. माझ्या वरिष्ठांनी ज्यांच्या भाषेवर भरवसा ठेवला होता, त्यांच्याच कोशाने त्यांच्याआधी शंभर वर्षं हा विनोद निकालात काढला होता. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःही याच जातीची जहाजं बांधून घेतली. त्यातल्या एकीचं नावच 'बॉम्बे ग्रॅब' होतं. तेव्हा मात्र नावाचा कोणाला विटाळ झाला नाही.

आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही, याचं दुसरंही उदाहरण याच घराण्यातलं आहे. हल्ली नौदलाच्या बातम्यांत 'कॉर्व्हेट' हा युद्धनौकेचा प्रकार ऐकू येतो. लॅटिनमध्ये 'कॉर्वस' म्हणजे कावळाच. त्यामुळे कॉर्व्हेट ही घुराबेचंच भाषांतर असावी असा तर्क एका इटालियन विद्वानाने केला होता. तर्क गोड आहे. पण बहुतेक कोश तिचं मूळ डच भाषेतल्या टोपली आणि लहान नाव अशा अर्थाच्या शब्दात दाखवतात. आपल्याला आवडलं म्हणून ते उचलू नये. दुसऱ्याने तसं केलं की आपल्याला राग येतो ना?

चाचेगिरीच्या आरोपाबद्दलही दोन शब्द. पोर्तुगीज आले तेव्हापासून त्यांनी नियम केला की या समुद्रावर फिरायचं तर आमचा परवाना घ्या, नाहीतर जहाज जप्त. सोळाव्या शतकापासून आपले व्यापारी पैसे मोजून तो परवाना घेत होते. कान्होजी आंग्रे छत्रपती शाहूंचे सरखेल झाल्यावर त्यांनीही तेच केलं. आमच्या किनाऱ्यावरून जाता, तर आमचं दस्तक घ्या. कंपनीने ते मानलं नाही, म्हणून त्यांची जहाजं पकडली गेली. परवान्याचा कागद पोर्तुगीजांचा असला की कायदा आणि मराठ्यांचा असला की दरोडा, असा तो हिशेब होता. याचा अर्थ आंग्र्यांच्या हातून कधी अन्याय झालाच नाही असा नाही. तुळाजीच्या काळात आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनाही त्याची धास्ती होती, आणि पेशव्यांशी त्याचं वैर टोकाला गेलं होतं. समुद्रावरची सत्ता जमिनीवरच्या सत्तेसारखीच असते. तिचा न्याय तिच्या करणीवरून करावा. नावाच्या उच्चारावरून करू नये.

त्या वैराची किंमत आमच्या खाडीने मोजली. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजीविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. आंग्र्यांच्या गुराबा खाडीत एकमेकींना बांधून उभ्या होत्या. एक तोफगोळा 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज तुळाजीने पूर्वी कंपनीकडूनच जिंकलेलं. ते पेटलं, आणि बांधलेल्या सगळ्या जहाजांना आग लागत गेली. दुसऱ्या दिवशी किल्लाही पडला. लंडनजवळच्या एका टेकडीवर १७८४ साली जेम्सच्या बायकोने त्याच्या स्मरणार्थ बांधलेला एक बुरूज आहे. त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग', म्हणजे सुवर्णदुर्गच. जिंकणाऱ्याच्या घरी आपल्या किल्ल्याचं नाव राहिलं. आपल्या जळालेल्या जहाजांचं नाव आपल्याच घरी राहिलं नाही.

पण गुराब त्या दिवशी संपली नव्हती. विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि तिथे त्यांचं आरमार उभं राहिलं. आनंदराव धुळप त्याचे सुभेदार होते. १७८३ मध्ये धुळपांच्या आरमाराने 'रेंजर' हे कंपनीचं जहाज झुंजून घेतलं. गिर्ये गावात खडक फोडून केलेली गोदी आजही आहे. लांबी सुमारे ३५५ फूट. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, आणि कोरड्यावर दुरुस्ती करायची. तिच्या दगडांवर आता शेवाळ आणि झुडपं आहेत.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि गुराबेचं काम संपलं. कंपनीच्या राज्यात मराठी लढाऊ जहाज ठेवायचं कोणी आणि कशासाठी? तिची ती चोच, ती आडवी भिंत, तोफांची भोकं, यातलं काहीच व्यापाराच्या कामाचं नव्हतं. गलबताचं तसं नव्हतं. त्यावरच्या तोफा उतरवल्या, वल्ही कमी केली, की पोटात नारळ भरता येत होते. म्हणून 'गलबत' हा शब्द लढाईतून व्यापारात आला आणि आणखी दीडशे वर्षं जगला. त्याचंही मूळ कोणी पोर्तुगीज 'गालेओता'त शोधतात, कोणी अरबी 'जल्बा'त, वाद मिटलेला नाही. पण त्याला कोणी चोर म्हणू शकलं नाही, कारण तो शब्द आमच्या घराघरांत बोलला जात होता. त्याचा अर्थ आम्हाला विचारावा लागला असता. 'गुराब' मात्र आमच्या तोंडातून गेला, आणि मग त्याचा अर्थ दुसऱ्यांनी सांगितला.

आता गलबतंही गेली. माझ्या नातवंडांनी ती चित्रात पाहिली आहेत. पडाव पुलामुळे गेला, मचव्याला इंजिन आलं आणि तो 'बोट' झाला. मोटार आल्यावर शीड जाणारच. कष्ट कमी झाले, माणसं बुडण्याचं भय कमी झालं, हे चांगलंच. पण काम गेलं तरी शब्दाचा अर्थ कुठेतरी आपल्या हातात लिहून ठेवलेला असावा. माझ्या धाकट्या नातवाने एकदा विचारलं, "आजोबा, गुराब म्हणजे काय?" शाळेच्या पुस्तकात आला होता म्हणे. मी त्याला अंगणात नेऊन माडावरचा कावळा दाखवला, आणि चोचीपासून सुरुवात केली.

गावातल्या दोघा-तिघा म्हाताऱ्यांकडून मी नावेच्या भागांची नावं लिहून घेत असतो. वही अर्धी भरली आहे. त्यात पहिल्या पानावर, वर्णानुक्रम सोडून, 'गुराब' लिहिला आहे. पुढे अर्थ: स्त्रीलिंगी, अनेकवचन गुराबा. अरबी, मूळ अर्थ कावळा. लांब चोचीचं, उथळ पाण्यावर चालणारं, कोकणच्या खाड्यांत बांधलेलं लढाऊ जहाज.